यंत्र चालू, मदत बंद

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावात संगणक कुठे कुठे आहेत, याची मोजदाद करायला बसलो तर यादी बरीच लांबते. ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था, ऑनलाइन अर्ज भरून देणारे दुकान, मेडिकल, दवाखाना आणि रक्त-लघवी तपासणारी लॅब. यांतले कित्येक संगणक नवे कोरे नसतात. कुणी लातूर-सोलापूरहून वापरलेला आणतो, कुणाला तपासणी यंत्रासोबत आलेला दहा वर्षांपूर्वीचाच चालवावा लागतो. काम होते आहे ना, मग झाले, असा सगळ्यांचाच हिशेब असतो. तो चुकीचा नाही. फक्त एक प्रश्न त्यात विचारला जात नाही : उद्या हा संगणक अडला, तर त्याच्याविषयीची मदत जगात कुठे शिल्लक आहे का?

संगणकाच्या आत जी मूळ आज्ञाप्रणाली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती मायक्रोसॉफ्टची विंडोज असते. प्रत्येक विंडोजला एक शेवटची तारीख असते. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीची मदत ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ ची १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवता येतात. पण ती वाढीव मुदत आहे, नवे आयुष्य नव्हे.

या तारखेला संगणक बंद पडत नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या दिवशीही तो नेहमीसारखा सुरू होतो, प्रिंट काढतो, अहवाल छापतो. थांबते ती दुरुस्ती. नवी फट सापडली तरी ती बुजवणारे कुणी उरत नाही. मग हळूहळू त्या प्रणालीविषयीची माहितीची पानेही इंटरनेटवरून नाहीशी होऊ लागतात. आरोग्य आणि विज्ञानाच्या या सदरात हा विषय घेण्याचे कारण एवढेच, की याची सगळ्यात मोठी झळ दवाखान्याला बसते. जुना संगणक वापरणे हा गुन्हा नाही. त्याची मदत कुठे आहे हे अडण्याआधी पाहून न ठेवणे ही मात्र चूक आहे, आणि ती वैयक्तिक कमी, व्यवस्थेची जास्त आहे.

दवाखान्यातील संगणक जुनाच का राहतो?

घरचा संगणक बदलणे पैशांचे काम आहे. लॅबमधला संगणक बदलणे हे निव्वळ पैशांचे काम नाही. रक्तातील पेशी मोजणारे यंत्र नीट निगा राखली तर दहा-पंधरा वर्षे चालते. त्याच्याशी जोडलेला संगणक मात्र त्या यंत्राच्या कंपनीने दिलेल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो. ते सॉफ्टवेअर ज्या विंडोजसाठी लिहिले, त्याच विंडोजवर चालते. यंत्र आणि संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणारा जो छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ३२ बिटच्या जुन्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर ६४ बिटच्या नव्या विंडोजवर चालत नाही. शिवाय जुन्या यंत्रांची तार ज्या सीरियल पोर्टमध्ये बसते, तो पोर्ट आजच्या लॅपटॉपला नसतोच.

म्हणजे संगणक बदलायचा तर यंत्र बदलावे लागते, आणि यंत्र बदलायचे तर काही लाखांची सोय करावी लागते. अनेक सोनोग्राफी यंत्रांच्या पोटातही विंडोजच असते. ती बाहेरून दिसत नाही एवढेच. त्यामुळे 'जुने टाका, नवे घ्या' हा शहरी सल्ला गावच्या लॅबवाल्याला फारसा उपयोगी नाही. तो ज्या यंत्रावर रोज हिमोग्लोबिन मोजतो, ते यंत्र अचूक आकडा देते आहे. त्याच्या शेजारचा संगणक म्हातारा झाला म्हणून चांगले यंत्र भंगारात घालणे शहाणपणाचे नाही, आणि वाढत्या ई-कचऱ्याच्या काळात ते परवडणारेही नाही.

पण याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. ज्याची दुरुस्ती बंद झाली आहे असा संगणक इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आहे. त्यात रुग्णांची नावे, फोन नंबर, आजार असतात. तेव्हा जुना संगणक चालवायचा असेल तर तो कसा चालवायचा, याची शिस्त हवी. ती शिस्त शिकवणारी माहिती आजही उपलब्ध आहे. प्रश्न आहे तो ती माणसापर्यंत पोहोचण्याचा.

मदत होती, पोहोचली नाही

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला त्याचा मोठा फटका बसला. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-संस्थांचे काम विस्कळीत झाले, रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज निघाला आणि पाच भागांतील रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी दूरच्या रुग्णालयांत जावे लागले.

यातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ज्या फटीतून हा व्हायरस शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. ब्रिटनमध्ये बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे तेव्हा मदत सुरू असलेले. दुरुस्ती होती, पण ती बसवलेली नव्हती. एक्सपीची मदत तीन वर्षांपूर्वीच थांबलेली असल्यामुळे तिच्यासाठीची दुरुस्ती तर सर्वांना खुली झाली ती हल्ला झाल्यानंतर. एका बाजूला मदत असून घेतली गेली नाही, दुसऱ्या बाजूला ती उशिरा आली. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच झाला.

पुढच्याच महिन्यात ही लाट महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागली. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसने जहाज कंपनी मर्स्कचे जाळे बंद पाडले आणि उरणजवळ न्हावा शेवा येथे तिच्या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्कला नंतर सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. ते करताना एक गोष्ट कामी आली. कंपनीच्या जगभरच्या जाळ्याची नोंदवही म्हणता येईल असे जे सर्व्हर होते, ते सगळे पुसले गेले होते. एकच वाचला, तो घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. वीज जाण्याचा असा फायदा मराठवाड्यातील माणसाला क्वचितच झाला असेल! पण धडा साधा आहे : जाळ्याला न जोडलेली एक प्रत जवळ असेल, तर सगळे बुडाले तरी पुन्हा उभे राहता येते.

दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच हल्ला झाला, तेव्हा नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंत सगळे काम कित्येक दिवस कागदावर करावे लागले. जाळ्याची नीट विभागणी केलेली नव्हती, हे त्यामागचे कारण सरकारने संसदेत सांगितले. विभागणी म्हणजे घराला खोल्या असणे. एका खोलीत आग लागली तर दार लावता येते. बेंबळीच्या लॅबमध्ये ही विभागणी करायला अभियंता लागत नाही. यंत्राला जोडलेल्या जुन्या संगणकाची इंटरनेटची तार काढायची आणि इंटरनेटची कामे दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर करायची, एवढे पुरते.

मदत विरते कशी?

पुस्तक जुने झाले तरी कपाटात राहते. इंटरनेटवरचे पान तसे राहत नाही. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमविषयीची माहिती नेमकी याच काळातील आहे. हौशी लोकांनी जिओसिटीजवर लिहिलेली पाने २००९ मध्ये गेली. याहू आन्सर्स ही प्रश्नोत्तरांची सेवा मे २०२१ मध्ये बंद झाली. खुद्द मायक्रोसॉफ्टने जुन्या पद्धतीची डिजिटल सही असलेल्या अनेक फायली ३ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या डाउनलोड केंद्रावरून काढून टाकल्या. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य होते, पण जुन्या संगणकांना लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्यांबरोबर गेल्या.

दुसरी अडचण त्याहून विचित्र आहे. मदतीचे पान शिल्लक असले, तरी जुना संगणक ते उघडू शकत नाही. वेबसाइट आणि ब्राउझर आपसात गुप्त भाषेत बोलतात. ती भाषा काळानुसार बदलते आणि जुन्या ब्राउझरला नवी भाषा येत नाही. गुगल क्रोमने एक्सपीची साथ २०१६ मध्ये सोडली आणि विंडोज ७ ची फेब्रुवारी २०२३ मध्ये. त्यामुळे एक्सपीच्या पडद्यावर आज बहुतेक पाने 'उघडता येत नाही' एवढेच सांगतात. याला गावात सहज उपाय आहे, तो म्हणजे खिशातला मोबाइल. मदत मोबाइलवर शोधा, वाचा, लागणारी फाइल चांगल्या संगणकावर उतरवा, तपासा आणि पेनड्राइव्हने जुन्या संगणकात न्या.

तिसरी अडचण भाषेची. विंडोज ७ साठी मेनू आणि सूचना मराठीत दाखवणारा भाषासंच मिळत असे. पण अडचण आली की तिचे उत्तर इंग्रजीतच. उलट पडद्यावरची चुकीची सूचना मराठीत आली असेल, तर ते मराठी वाक्य शोधून काहीच हाती लागत नाही. जुन्या मराठी फायलींचे दुखणे याच जातीचे आहे. श्री-लिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तेच पत्र इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसते. व्हायरस आला असे समजून अशा फायली पुसू नका. मजकूर शाबूत असतो. मूळ फॉन्ट बसवला किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की तो वाचता येतो. जुना संगणक बंद पडण्याआधी हे काम उरकून घ्यावे.

शोधायचे कसे?

डॉक्टरांकडे गेल्यावर 'बरे वाटत नाही' एवढेच सांगितले तर औषध मिळत नाही. कुठे दुखते, कधीपासून, ताप किती, हे सांगावे लागते. संगणकाचेही तसेच आहे. 'कॉम्प्युटर चालू होत नाही' असे शोधले तर हजारो निरुपयोगी उत्तरे येतात. आधी रुग्णाची माहिती गोळा करा.

पहिले, प्रणालीचे नाव आणि आवृत्ती. कीबोर्डवरील विंडोजचे बटण आणि 'आर' एकत्र दाबा. समोर येणाऱ्या चौकटीत डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर ही सहा अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबा. आपली विंडोज नेमकी कोणती, हे समोर येते. ती ३२ बिटची आहे की ६४ बिटची, हे 'माय कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीजमध्ये पाहा. दुसरे, संगणकाचा मॉडेल नंबर. तो लॅपटॉपच्या पोटाखाली किंवा डब्याच्या मागे चिकटवलेला असतो. तिसरे, पडद्यावर आलेला सांकेतिक क्रमांक. वाक्याची भाषा बदलते, क्रमांक कुठेही तोच राहतो. म्हणून पडद्याचा मोबाइलने फोटो काढा आणि तो क्रमांक जसाच्या तसा, विंडोजच्या नावासह इंग्रजीत शोधा.

याचे एक उदाहरण घेऊ. एक्सपीचा संगणक निळा पडदा दाखवून थांबतो आणि क्रमांकाच्या शेवटी '७ बी' असते. याचा अर्थ विंडोजला आपली हार्डडिस्क ओळखता येत नाही. डिस्क गेली, असे म्हणून लोक नवीन घेतात. पुष्कळदा कारण भलतेच असते. मदरबोर्डवर घड्याळासारखा एक बटण सेल असतो. तो संपला की वीज जाताच संगणक आपली मूळ मांडणी विसरतो, डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलते आणि एक्सपी गोंधळते. काही रुपयांचा सेल आणि मांडणीतला एक बदल एवढ्यावर काम भागते. याच संपलेल्या सेलमुळे संगणकाची तारीखही मागे जाते आणि मग चांगल्या वेबसाइटही 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. जिथे दिवसातून चार वेळा वीज जाते, तिथे सर्वांत आधी तारीख पाहावी आणि मग सेल.

माहिती कुठून घ्यावी, यालाही क्रम आहे. सर्वांत आधी संगणकाच्या किंवा यंत्राच्या कंपनीची अधिकृत वेबसाइट. तिथे मॉडेल नंबर टाकला की जुने ड्रायव्हर अनेकदा मिळतात. दुसरी जागा मायक्रोसॉफ्टचा 'अपडेट कॅटलॉग'. प्रत्येक दुरुस्तीला 'केबी' आणि पुढे क्रमांक अशी ओळख असते. उदाहरणार्थ, एक्सपीसाठीची वॉनाक्रायची दुरुस्ती 'केबी ४०१२५९८' या नावाने ओळखली जाते. असा क्रमांक हाती असला की शोध नेमका होतो. तिसरी जागा 'इंटरनेट आर्काइव्ह' या ना-नफा संस्थेचे 'वेबॅक मशीन'. ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती साठवते आहे. बंद पडलेल्या पानाचा पत्ता तिथे टाकला, तर त्या पानाचे जुने रूप तारखेसह पाहायला मिळू शकते. ते वाचावे, त्यातून उतरवलेली फाइल मात्र व्हायरस तपासल्याशिवाय उघडू नये.

आता बरेच जण थेट एआयला विचारतात. विचारायला हरकत नाही, पण विंडोज कोणती ते पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर तो विंडोज ११ मधला मेनू विंडोज ७ मध्ये शोधायला लावतो, तेही मोठ्या आत्मविश्वासाने. त्याने दिलेली आज्ञा नेमकी काय करते हे कळत नसेल, तर ती रुग्णांच्या नोंदी असलेल्या संगणकावर चालवू नये. आणि कोणत्याही दुरुस्तीला हात घालण्याआधी त्या नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा. घानातला तो सर्व्हर आठवा.

रिकाम्या जागी ठग येतो

खरी मदत जिथे संपते तिथे खोटी मदत दुकान मांडते. शोधाच्या निकालांत वर झळकणारा 'विंडोज हेल्पलाइन' नावाचा नंबर पुष्कळदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. त्यावर फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलून एक ॲप बसवायला सांगतो आणि दूर बसून तुमच्या संगणकाचा ताबा घेतो. मग साध्या नोंदी दाखवून 'एवढे व्हायरस आहेत' अशी भीती घालतो आणि पैसे मागतो. पतसंस्थेच्या किंवा दवाखान्याच्या संगणकावर हे घडले तर नुकसान पैशांपुरते राहत नाही.

हा धंदा फार दूरच्या देशातून चालतो, असेही नाही. परदेशातील म्हाताऱ्या माणसांना मायक्रोसॉफ्टच्या नावाने फसवणारी कॉल सेंटर आपल्याच देशात आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' अंतर्गत देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले, त्यांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून हाती घेतलेली प्रकरणेही होती. तेव्हा काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्ट आपणहून कुणाला फोन करत नाही. चुकीच्या सूचनेसोबत फोन नंबर दिसला, तर ती सूचनाच खोटी असते. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असे सांगणारे प्रोग्राम बसवू नयेत. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. संगणकात काही घुसल्याची शंका असेल, तर केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या वेबसाइटवर तपासणीची साधने मोफत मिळतात; हे केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून सुरू आहे.

हे एकट्याचे काम नव्हे

इथवर जे सांगितले ते ज्याने त्याने करण्याचे. पण लॅबवाल्याने किंवा आरोग्य केंद्रातील डाटा एन्ट्री करणाऱ्या ताईंनी रात्री जागून इंग्रजी पाने धुंडाळावीत आणि त्यावर गावाचे आरोग्य चालावे, ही व्यवस्था होऊ शकत नाही. धाराशिव हा केंद्र सरकारने 'आकांक्षित' म्हणून निवडलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. या जिल्ह्यांची प्रगती मोजण्यासाठी आकडे सतत वर पाठवावे लागतात. क्षयरोगाची नोंद 'निक्षय'वर, लसीकरणाची आणखी कुठे, सोनोग्राफीचा अर्ज आणखी कुठे. आकडे मागणाऱ्यांनी ते भरणाऱ्या संगणकाची काळजीही घेतली पाहिजे.

बँकांच्या बाबतीत हे करून दाखवले गेले आहे. देशातील पुष्कळ एटीएम एक्सपीवरच चालत होती. रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ रोजी आदेश काढला आणि एक शिडी आखून दिली : सप्टेंबर २०१८ पर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जूनपर्यंत सर्व एटीएमवर मदत सुरू असलेलीच प्रणाली हवी. पैसे देणाऱ्या यंत्रासाठी अशी शिडी लागते, तर रक्त तपासणाऱ्या यंत्रासाठी का नको? सरकारी दवाखान्यांतील कोणते यंत्र कोणत्या प्रणालीवर चालते आणि तिची मदत कधी संपते, याची यादी प्रत्येक जिल्ह्याने करावी आणि भिंतीवर लावावी. यादी झाली की निम्मे काम झाले.

दुसरी मागणी खरेदीच्या कागदाविषयी आहे. यंत्र घेताना आपण किंमत, वॉरंटी आणि सर्व्हिसचा करार पाहतो. त्यात एक ओळ वाढवावी : या यंत्राच्या सॉफ्टवेअरला कोणत्या तारखेपर्यंत दुरुस्ती मिळेल, आणि त्यानंतर नव्या प्रणालीवर ते चालवून देण्याची जबाबदारी कुणाची. सोबत ड्रायव्हरची प्रत आणि छापील माहितीपुस्तिका घेतल्याशिवाय बिल मंजूर करू नये. खासगी लॅबवाल्यांनीही विक्रेत्याकडे हा आग्रह धरावा. एकट्याचे ऐकले जाणार नाही; तालुक्यातील दहा जण मिळून बोलले तर ऐकले जाईल.

तिसरी मागणी आपल्या भाषेतील मदतीची आहे. केरळने शाळांसाठी खुल्या, मोफत प्रणालीवर आधारित स्वतःची आवृत्ती तयार केली, 'काईट' या सरकारी संस्थेमार्फत ती लाखो संगणकांवर पोहोचवली आणि शिक्षकांना ती वापरण्याचे प्रशिक्षण दिले. परवान्याचा खर्च वाचला, हा फायदा आहेच. त्याहून मोठा फायदा हा, की अडचण आली तर विचारायला माणूस राज्यातच आहे. आपल्याकडे एमएस-सीआयटीमुळे गावागावांत संगणक वापरणारे तयार झाले. पुण्यात १९८८ पासून सी-डॅक आहे, जिच्या 'बॉस' या लिनक्स प्रणालीत मराठीची सोय आहे. तालुक्या-तालुक्यांत आयटीआय आहेत आणि अनेक ठिकाणी 'कोपा' हा संगणकाचा अभ्यासक्रम चालतो. शिकणाऱ्या मुलांना प्रात्यक्षिक म्हणून तालुक्यातील आरोग्य केंद्रांचे संगणक तपासायला, त्यांचे ड्रायव्हर जमा करायला आणि दुरुस्तीच्या पायऱ्या मराठीत लिहायला लावल्या, तर वर्षभरात जिल्ह्याची स्वतःची मदत-पेढी उभी राहील. माणसे आणि संस्था दोन्ही आहेत. त्यांना हे काम कुणी नेमून दिलेले नाही.

यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या पुढच्या बैठकीत किंवा ग्रामसभेत एवढेच विचारावे, की आपल्या केंद्रातील संगणकाची विंडोज कोणती, तिची मदत कधी संपली किंवा संपणार, नोंदींची प्रत कुठे ठेवली आहे आणि तो अडला तर फोन कुणाला करायचा. या चार उत्तरांचा एक कागद संगणकाशेजारच्या भिंतीवर चिकटवायचा, आणि ड्रायव्हर व माहितीपुस्तिकांचा एक पेनड्राइव्ह कपाटात ठेवायचा. उत्तरे देता आली नाहीत, तर त्या बैठकीतच कुणावर तरी ते काम सोपवावे. ज्या दिवशी यंत्र अडेल त्या दिवशी लॅबबाहेर बाकावर एखादी गरोदर बाई रक्ताच्या अहवालासाठी बसलेली असेल, आणि तेव्हा शोधाशोध सुरू करायला फार उशीर झालेला असेल.